हिंदुराव सरनोबत यांनी जावयास बाकावर बसविले त्याची हकीकत

ज्या मैदानी गवत थोडे आणि गर्दी फार, त्या मैदानास नमन करून लिहिले जाते ऐसे जे : शके अठराशे एक्याण्णव, सौम्यनाम संवत्सरे, दक्षिण पेठेच्या फुटबॉल संघात हिंदुराव सरनोबत दाखल जाहले. डावा पाय तिखट. सात वर्षे उत्तर पेठेस जेर केले, आणि आठव्या वर्षी गुडघा मोडला, आणि धावणे खुंटले. मग पेठेने विचार केला की पाय गेला, नजर शाबूत आहे. म्हणोन वस्ताद करून शिटी त्यांचे गळ्यात घातली. रावांनी चार वेळा करंडक आणिला, तेणेकरून लौकिक वाढला, आणि पेठेने एकमते अध्यक्षपदाची गादी दिधली.

गादीवर बसतांच रावांनी आपला जुना गोलरक्षक इलाही मुजावर यास वस्तादी सांगितली. पुढे कन्या तारामती संघाचे आघाडीचे खेळाडू जयसिंगराव शिंत्रे यांस दिधली. जयसिंगराव गोल करण्यात अव्वल, परंतु लग्नानंतर पहाटेच्या सरावास येईनासे जाहले. तों उत्तर पेठेशी अंतिम सामना नेमिला गेला, आणि इलाहीने यादी लाविली, तीत जावयाचे नाव बाकावर. मग व्याही चालून आले, घरात कोणी बोलेना, आणि कारभारी मंडळी म्हणो लागली की अध्यक्षांनी हुकूम करावा, न केल्यास करंडक जातो. राव दोन दिवस जेवले नाहीत. तिसरे दिवशी पहाटे लंगडत मैदानी गेले आणि इलाहीस बोलिले, "यादी बदल."

"बदलतो की," इलाही म्हणाला. "पर मग शिटी बी तुम्हीच घ्या, राव. रोज येणाऱ्या पोरांना तोंड दाखवायला मला जमायचं न्हाई."

त्याने शिटी काढोन हाती दिधली. राव कडेला उभे राहोन सराव पाहो लागले. ऊन वर आले, सगळे घामाघूम जाहले, आणि जयसिंगराव त्याही दिवशी आले नाहीत. राव शिटी परत देऊन घरी गेले.

दक्षिण पेठ सामना एका गोलाने हरली. पेठ खवळोन इलाहीच्या दारी गेली. राव गर्दीतून वाट काढीत उंबऱ्यापुढे उभे राहिले आणि बोलिले, "यादी माझ्या हुकुमानं लागली. काय बोलायचं ते मला बोला." मग लोक फार बोलिले. राव ऐकत राहिले, आणि दुसरे दिवशी गादी सोडिली.

त्या दिवाळीस तारामती माहेरी आली नाही. जयसिंगराव मात्र पुढल्या हंगामी पहाटे येऊ लागले, कोणी सांगितले न कळे. तिसरे वर्षी करंडक आला. रावांनी तो सामना तिकीट काढून लोकांत बसोन पाहिला. इलाहीने त्या रात्री पेठेपुढे खरे काय ते सांगितले. तेव्हा राव घरी निजले होते.

येणेप्रमाणे हिंदुराव सरनोबत यांची कारकीर्द जाहली. खेळाडू, वस्ताद, अध्यक्ष मिळोन सत्तावीस वर्षे, आणि त्यांत खोटे एकवार बोलिले.