हरिहर पोचला

मस्कतमधला अकरा वर्षांचा संसार आवरायला हरिहरला एक दुपार पुरली. (संसार म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह, दोन पातेली आणि भिंतीतला एसी, जो त्याचा नव्हताच.) खाट त्याने खोलीत राहणाऱ्या कुट्टीला दिली, स्टोव्ह खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरला. कोपऱ्यावरच्या पाववाल्याला सलाम केला. कंपनीच्या स्टोअरच्या किल्ल्या साहेबाच्या टेबलावर ठेवताना त्याने त्या दोनदा मोजल्या, साहेबाने एकदाही मोजल्या नाहीत. कुट्टी मात्र विमानतळापर्यंत आला आणि असा काही रडला की तिथल्या पोलिसाने दोघांना सख्खे भाऊ समजून हरिहरच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा हरिहरही रडला. इतकी वर्षं ज्या गावाला आपण शिव्या घातल्या, ते गाव सोडताना रडू येतं, हे त्याला नवीनच होतं.

तर तिकडचा निरोप असा रीतसर झाला. राहिली एकच गोष्ट. आपण कायमचे परत आलोय, हे बायकोला सांगायचं.

पत्रातून त्याने मुद्दामच कळवलं नव्हतं. वाडीत पोस्टमन आला की अर्धी वाडी अंगणात जमते, आणि ही बातमी मालिनीला आपण स्वतः, समोर बसून, तिचा चेहरा बघत सांगायची असं त्याने ठरवलं होतं. रत्नागिरीला बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात होळीपासून स्टोअर सांभाळायची जागाही त्याने परस्पर नक्की केली होती. सगळा बेत चोख होता. हरिहरचे बेत नेहमी चोखच असतात. ते अमलात आणायला हरिहर असतो, तिथे घोळ होतो.

पहिल्याच दिवशी झाला. दिवाळी होऊन गेली होती. एसटीतून उतरून, ट्रंक उचलून तो दारात आला. मालिनीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि दर खेपेला विचारायची तसं विचारलं, "दोन महिने ना?"

"हो," हरिहर म्हणाला.

प्रवासाने शिणलेल्या माणसाच्या तोंडून नेहमीच्या प्रश्नाला नेहमीचंच उत्तर जातं, त्याला तो तरी काय करणार? उद्या सांगू, असं म्हणून तो हातपाय धुवायला गेला.

उद्या पानात सुरमई होती. परवा पापलेट. तेरवा तिसऱ्यांचं कालवण. मालिनी पंख्याने वारा घालत म्हणाली, "खा हो पोटभर. तिकडे कुठे मिळतंय तुम्हाला?" आता तोंडात सुरमईचा तुकडा असताना "मी इकडेच राहणार आहे" असं सांगणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं पान उचलण्यासारखं होतं. जेवण झाल्यावर सांगू, असं हरिहरने ठरवलं. जेवण झाल्यावर त्याला झोप आली.

पण हळूहळू या पाहुणचाराचा त्याला घास लागायला लागला. एकदा तो विहिरीवर पाणी शेंदायला गेला, तर मालिनी धावत आली. "ठेवा ती कळशी! चार दिवस आलात तर आराम करा." कौलं शाकारायला शिडी लावली, तर तिने बाबू गड्याला हाक मारून त्याला शिडीवर चढवलं. मुलगी उल्का, नऊ वर्षांची, बाबा खोलीत आले की खुर्चीतून उठून उभी राहायची, शाळेत तपासनीस आल्यासारखी. मालिनी तिला एरवी भरपूर ओरडत असणार, पण हरिहरच्या देखत दोघी अशा हळू बोलायच्या की जणू घरात कुणी आजारी आहे. आणि त्याच्यावर तर ती एकदासुद्धा चिडली नाही. ओला टॉवेल त्याने मुद्दाम गादीवर टाकून पाहिला. तिने तो हसून उचलला.

हरिहर घाबरला. या घराचं आपल्यावाचून छान चाललंय, हे त्याच्या ध्यानात आलं. दिवा कुठला, फ्यूज कुठला, कलमांना खत कधी, गवळी कधी येतो, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. पाहुणा म्हणून आपण हिला हवे आहोत, पण रोज सकाळी उठून "चहा झाला का?" विचारणारा माणूस म्हणून हवे आहोत का? विचारायची त्याची छाती होईना. न विचारता दिवस जात राहिले, आणि आंब्याला मोहोर येऊ लागला तशी निघायची तारीख जवळ आली.

आदल्या दिवशी संध्याकाळी मालिनी डिंकाचे लाडू वळत बसली होती. हरिहर शेजारी पाटावर बसला.

"मालिनी, मी काय म्हणतो... समजा, या खेपेला मी गेलोच नाही, तर?"

"दर खेपेला तुमचं हेच," मालिनी मान वर न करता म्हणाली.

"नाही, पण समजा."

"समजा काय? मग बाबल्याचं लोणचं कोण नेणार?"

आणि ती लाडवांचा डबा घेऊन आत निघून गेली. झालं! बायकोच्या लेखी आपण लोणचं नेणारा माणूस आहोत, असा हरिहरने अर्थ लावला आणि तो रात्रभर कुशी बदलत राहिला.

हे लोणचं शेजारच्या येसूबाईंचं. त्यांचा मुलगा बाबल्या दोह्याला होता. मस्कत आणि दोहा म्हणजे येसूबाईंच्या लेखी वरची वाडी आणि खालची वाडी. सकाळी त्या बरणी पोटाशी धरून हजर झाल्या.

"हरिहर, ह्यां लोनचां माज्या बाबल्याला दे. सांग त्याला, आवस बरी हाय. आनि बरनी आडवी करू नको हां."

"येसूबाई, अहो, मी यंदा..."

"यंदा तेल जास्ती घातलाय. म्हनून सांगत्ये."

बघता बघता सगळी वाडी अंगणात जमली. कुणी कोकमं आणली, कुणी सांदणं, कुणी नुसताच निरोप. वाडीतल्या म्हाताऱ्या काशीरामने नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुजो लेकरू साता समुद्रापलीकडं चाललाय, त्याचा विमान सुखरूप ने..." आणि सगळे एका आवाजात ओरडले, "व्हय म्हाराजा!" नारळ फुटला. आता "मी जात नाही" म्हणायचं म्हणजे नुसतं बायकोला नाही, वाडीसकट देवाला तोंडावर पाडायचं. हरिहरने हात जोडले.

"पासपोर्ट, तिकीट घेतलंत ना?" मालिनीने त्याच्या हातावर दही घालत विचारलं.

हरिहरने खिसा थोपटला. त्यात पासपोर्ट होता आणि खोकल्याच्या गोळ्या होत्या.

मालिनी थांब्यावर कधीच यायची नाही. उंबऱ्यापाशी उभी राहायची, आणि तो अंगण ओलांडायच्या आत पाठ फिरवून घरात जायची. आजही गेली. दर खेपेला हरिहरला ते लागायचं. आज जरा जास्तच लागलं.

एसटी आली. बाबू गड्याने ट्रंक चढवली, वाडीने हात हलवले आणि गाडी सुटली.

"कुठे?" कंडक्टरने विचारलं.

"मस्कत," हरिहरच्या तोंडून गेलं. सकाळपासून दुसरा शब्द कानावर पडला नव्हता.

"ही थेट जात नाही," कंडक्टर शांतपणे म्हणाला. "रत्नागिरीला बदलावी लागेल."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. हरिहरला हसू आलं नाही. मस्कतला जाऊन तरी काय करणार होता तो? तिथे त्याची खाटसुद्धा उरली नव्हती, तिच्यावर कुट्टी झोपत होता. आणि इथे त्याला कुणी कळशी उचलू देत नव्हतं. तिकडून निरोप घेऊन झाला, इकडूनही निरोप घेऊन झाला. आता फक्त या एसटीच्या बाकावर तेवढी त्याची जागा होती, तीही तिकीट काढलं तर.

"पुढच्या थांब्याचं द्या," तो म्हणाला. कंडक्टरने त्याच्याकडे, ट्रंकेकडे आणि बरणीकडे बघितलं, आणि तिकीट फाडलं.

रस्त्याने परत जावं तर वाडी दिसणार. म्हणून हरिहर सड्यावरून, उघड्या कातळावरच्या पायवाटेने निघाला. डोक्यावर ट्रंक, एका खांद्याला लाडवांची पिशवी, दुसऱ्या खांद्याला लोणच्याची, पायात मस्कतचे गुळगुळीत तळाचे बूट. कातळावर असे बूट घालून चालायचं नसतं, हे लहानपणी त्याला माहीत होतं. मध्यंतरी विसरला होता. कातळाने आठवण करून दिली. ट्रंक एकीकडे, हरिहर दुसरीकडे, आणि बरणी आडवी. फुटली नाही, पण झाकण सुटलं, आणि येसूबाईंनी जास्ती घातलेलं तेल सगळंच्या सगळं हरिहरच्या पांढऱ्या टेरिकॉटच्या शर्टावर आलं. ट्रंक तिथेच करवंदीच्या जाळीत ढकलून तो लंगडत घराकडे निघाला.

घराच्या मागच्या पडवीशी पोचला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आतून मालिनीचा आवाज आला. मोठा, चढा, खणखणीत. असा आवाज दोन महिन्यांत त्याने ऐकला नव्हता.

"ठेव ती केरसुणी खाली! कितीदा सांगितलं तुला?"

"आई, पण बघ ना किती केर झालाय!" उल्काचा आवाज.

"असू दे. माणूस वाटेला लागलं की मागे केर काढायचा नसतो. बाबा पोचल्याची तार येईपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि मागच्यासारखी तार उशिरा आली तर? मागे किती मुंग्या झाल्या होत्या! बाकीच्यांकडे संध्याकाळी काढतात. आपल्याकडेच तार लागते."

"बाकीच्यांची माणसं रत्नागिरीला जातात."

हरिहरने दाराच्या फटीतून पाहिलं. माजघरभर सुतळीचे तुकडे, वर्तमानपत्रांचे कपटे, सांडलेले पोहे, नारळाच्या शेंड्या, आणि त्याच्या अर्ध्या चहाचा कप तसाच. त्या सगळ्या पसाऱ्यात, त्याच्या खुर्चीत, मालिनी बसली होती. काहीच करत नव्हती. हिला काही न करता बसलेली हरिहरने जन्मात पाहिली नव्हती. तिने पदर तोंडाशी धरला होता, आणि ती त्या कपाकडे बघत होती.

पोचलो की आधी झोप काढायची, मग पगार, मग सवडीने तार, अशी आपली तिकडची रीत. आणि इकडे या दोघी आपल्या केरात बसून राहतात. हरिहरचे डोळे भरून आले. त्याने दार ढकललं.

उल्काने आधी पाहिलं. "आई! बाबा!"

मालिनीने मान वळवली. दारात नवरा, केस विस्कटलेले, लंगडतोय, आणि छातीपासून पोटापर्यंत शर्ट लालभडक.

"अगं बाई गं! एसटी उलटली!" ती अशी किंचाळली की परसातल्या कोंबड्या उडाल्या. धावत येऊन तिने त्याला दोन्ही हातांनी धरलं, मुलीच्या देखत, आणि त्याचं डोकं, खांदे, हात चाचपायला लागली. "कुठे लागलं? बोला हो! डोळे मिटू नका! उल्का, पाणी आण, धाव!"

"अगं, काही नाही..."

"काही नाही काय? एवढं रक्त!" तिने शर्टाची बटणं तोडूनच काढली, आणि खिशातून कैरीची एक फोड तिच्या हातात आली. तिने फोड पाहिली. फोडीचा वास घेतला.

"हे लोणचं आहे," ती म्हणाली.

"येसूबाईंचं," हरिहर म्हणाला. "बरणी आडवी झाली."

"आणि गाडी?"

"गाडी ठीक आहे. गेली."

"आणि विमान?"

"विमान नाहीच आहे," हरिहर म्हणाला, आणि मग एकदाचं सगळं बाहेर पडलं. "नोकरी सोडली मी. कायमचा आलोय. आल्या दिवशीच सांगणार होतो, पण तू दोन महिने म्हणालीस आणि मी हो म्हणालो. मग तू अशी बडदास्त ठेवायला लागलीस की मला वाटलं, मी राहिलेलं तुला चालेल की नाही."

मालिनीने हातातली फोड खाली टाकली. मग तिचा पारा चढला.

"दोन महिने? दोन महिने मी कोळणीच्या पाया पडून सुरमया आणल्या! टॉवेल गादीवर टाकलात, तरी हसले! मला वाटायचं, माणूस जाणारच आहे, आहे तेवढे दिवस भांडण कशाला? रोज जीभ चावायचे मी! आणि तुम्ही खुशाल..." ती रडायला लागली, आणि रडता रडता त्याच्या तेलकट छातीवर डोकं टेकून म्हणाली, "चालेल की नाही म्हणे! उंबऱ्यावरून पाठ फिरवते ती कशाला? तुम्ही वळून पाहिलंत तर तोंड दिसेल म्हणून."

हरिहरने तिच्या पाठीवर हात ठेवला. उल्का पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. काय झालंय ते तिला नीट कळलं नव्हतं, पण बरं झालंय एवढं कळलं होतं.

मालिनीने नाक पुसलं. "पोचलात ना पण आता?"

"पोचलो," हरिहर म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

तिने उल्काच्या पायाशी पडलेली केरसुणी उचलली आणि त्याच्या हातात दिली. "मग घ्या. तुमचाच केर आहे."

हरिहरची छाती अशी फुलली की जणू स्टोअरच्या किल्ल्याच हाती आल्या. त्याने पँटचे पाय दुमडले, कंबर वाकवली आणि अकरा वर्षांची कसर भरून काढायला झपाझप केर काढायला सुरुवात केली. माजघरातला केर पडवीत गेला, पडवीतला वाऱ्याने पुन्हा माजघरात आला, आणि चहाचा कप मध्ये येऊन फुटला.

मालिनी खुर्चीत बसून थोडा वेळ ते बघत राहिली. मग उल्काला जवळ ओढून म्हणाली, "तिकडे अकरा वर्षं ह्यांना कामावर ठेवलं तरी कसं गं?"