गिरदावरांचा पहिला घास

रंगनाथराव गिरदावर कुणाच्याही घरी जेवायला गेले, की दोन गोष्टी हमखास करायचे. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आधी म्हणायचे, "भांडं दाखवा." मग बाकीची माणसं हातपाय धूत असतानाच एकटे पाटावर बसायचे आणि जेवायला लागायचे. यजमान ताटकळत उभा असला तरी त्यांना काही वाटत नसे. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "आधी मी."

जालन्यात त्यांना सगळे हावरे म्हणत. मीही म्हणत असे. पण त्यांच्या पुतण्याचं, माधवचं, स्थळ आमच्या सुशीलेला सांगून आलं, तेव्हा नुसतं म्हणून भागेना.

मुलगा औरंगाबादला कचेरीत लागलेला, निर्व्यसनी. घरात फक्त हे काका. त्यांनी लग्न केलेलं नाही. पोराला लहानपणापासून त्यांनीच वाढवलं. मुलाचे आईबाप एकाच दिवशी गेले, एवढं कळलं होतं. कशानं गेले, ते मात्र कुणी सांगेना. मध्यस्थ म्हणाले, "आजारानं." कसला आजार, तर ते पानाला चुना लावण्यात गुंतले. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. एखादा रोग घराण्यात असला तर? आणि ज्या घरातला कर्ता माणूस आधी आपलं ताट ओढतो, त्या घरात सुनेच्या वाट्याला काय राहणार?

मुलगी बघायला रंगनाथराव आमच्याकडे आले. मी शिरा केला होता. त्यांनी सुशीलेकडे पाहिलंच नाही. पातेलं मागवलं, तिरकं करून उजेडात धरलं आणि आतल्या कडेवरून नख फिरवलं. दर दोन महिन्यांनी कल्हई करून घेणारी बाई मी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अशी बघून पोरगी कळत न्हाई, मास्तर," ते आमच्या ह्यांना म्हणाले. "पाटावर बसलेली समदीच चांगली दिसती. तीन दिस तंबूत ऱ्हावं. तंबूत माणूस बराबर उघडं पडतं. तहकीकात झाल्याबिगर मी हो म्हणत न्हाई."

आयुष्यभर गिरदावरी केलेला माणूस. गावोगाव तंबू ठोकून पिकं पाहायची, पंचनामे लिहायचे. नोकरी संपून वजिफा सुरू झाला तरी तंबू सुटला नव्हता. त्यांनी बेत सांगितला : नवरात्रात मंठ्यावरून लोणारला जायचं, देवीचं दर्शन घ्यायचं, वाटेत मुक्काम तंबूत. आमचे मास्तर भूगोल शिकवत. लोणारचं तळं म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं तोंड, असं तेव्हाच्या पुस्तकात होतं आणि तसंच ते वर्गात सांगत, पण तिथं कधी गेले नव्हते. ते लगेच तयार झाले. मीही कबूल झाले. तहकीकात काय त्यांनाच करता येते?

दोन बैलगाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत रंगनाथराव, तंबू आणि किसन गाडीवान. मागच्या गाडीत आम्ही तिघं, कासरा मास्तरांच्या हातात. पहिल्या दिवशी मी मोजलं : चार विहिरी लागल्या, चारही ठिकाणी पहिला तांब्या त्यांनी प्यायला. पिऊन झाल्यावर पोहरा स्वतःजवळ ठेवून घेतला आणि वाटेनं जाणाऱ्या माणसाला "कुठून आले, कुठं चालले, काहून चालले?" असं विचारत बसले. सुशीला तहानेनं ओठ चाटत होती. मी पोहऱ्याला हात घातला तर म्हणाले, "थांबा मास्तरीणबाई. इतकी जल्दी काय हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाऊस आला. नवरात्रात असा पाऊस येऊ नये, पण आला. काळ्या रानात चाकं रुतली, बैल गुडघ्यावर आले. शेवटी गाड्या रस्ता सोडून एका खडकाळ माळावर घेतल्या. तिथला दगड काळा, ठिकठिकाणी बुडबुडे फुटल्यासारखी भोकं पडलेला. तशा पावसातही आमच्या मास्तरांना वर्ग आठवला.

"हा सगळा एके काळी तापलेला रस होता बरं का. जमिनीतून उसळला आणि वाहत वाहत इथं थिजला."

रंगनाथराव जागच्या जागी थांबले. "थिजला, हे कोणी पाह्यलं?"

"अहो, लाखो वर्षं झाली."

"झाली असतील. पंचनामा कोणी केला?" आणि भर पावसात ते गुडघे टेकून बसले, खडकाच्या भेगेवर पालथा तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला. किसन डोक्यावर पोतं घेऊन हसू दाबत होता. "थंड हाय," ते उठून म्हणाले. "पर बिलकुल भरोसा न्हाई. मधे मी झोपतो, तुमी कडंला."

खडकात खुंटी शिरेना, तेव्हा सुशीलेनं तंबूच्या दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. रंगनाथरावांनी प्रत्येक गाठ ओढून पाहिली. एकही सुटली नाही. मग ते हात झटकून आत गेले. चांगलं म्हणायला जीभ झिजते, मी मनात म्हटलं.

दुपार झाली तरी कुणाच्या पोटात काही नव्हतं. सरपण भिजलेलं. जवळच्या वस्तीवरची एक बाई दया येऊन कोरड्या तुराट्या आणि लोटाभर आंबट ताक देऊन गेली. भाकरी आदल्या दिवशीच्या होत्या. मी तंबूच्या दाराशी तीन दगड मांडले आणि तांब्याच्या पातेल्यात कढी केली. वाफ सुटली तशी सुशीला भाकरी घेऊन पुढं सरकली.

"कढी हाय का?" रंगनाथरावांचा आवाज आला. "आधी मी."

त्यांनी पातेलं ओढून घेतलं. पळीनं वाटीत कढी ओतली आणि उभ्या उभ्या प्यायली. एक वाटी, मग दुसरी. मग पातेल्यावर झाकण ठेवलं, त्यावर हात ठेवला, खिशातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि बसले.

माझा संयम सुटला. "गिरदावरसाहेब, तुमचं झालं असेल तर सोडा पातेलं. माझी लेक सकाळपासून उपाशी आहे. आणि तुमची तहकीकात पुरी होवो न होवो, माझी झाली. मुलगी मी तुमच्या घरात देत नाही."

आमचे मास्तर खाली बघू लागले. रंगनाथराव घड्याळाकडेच पाहत होते. "नका देऊ," ते म्हणाले. "पर घंटाभर थांबा."

तेव्हा मी त्यांना नीट पाहिलं. एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम. ओठाला कढीचा थेंब तसाच. डोळे गच्च मिटून, कडू औषध घ्यावं तशी त्यांनी ती कढी गिळली होती, हे मला आत्ता आठवलं. हावरा माणूस असा जेवत नाही. आणि झाकणावर ठेवलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं होती. ते स्वतःची नाडी मोजत होते.

"काय बघून राहिलात?" मी विचारलं.

"काई न्हाई. हाय का न्हाई, ते."

मी चुलीजवळ बसले. पाऊस तंबूवर तडतडत होता. ते माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"माझा भाऊ अन् वहिनी दौऱ्यावर मला भेटाया आल्ते. असाच तंबू. आचाऱ्यानं कढी केल्ती. पातेल्याची कल्हई गेल्ती, ते कोणी पाह्यलं न्हाई. मी शिवारात पिकं बघून राह्यलो होतो, माधव माझ्या खांद्यावर. दोन वर्साचा. भावानं बोलवाया माणूस धाडला. म्या सांगितलं, तुमी जेवून घ्या, आमी मागून येतो." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आमी मागून गेलो."

 मध्यस्थ ज्याला आजार म्हणाले होते, तो हा : कल्हई गेलेल्या तांब्यात आंबट कढी कळकून तिचं विष झालं होतं. रोग घराण्यात नव्हता, पातेल्यात होता.

सुशीलेनं हातातली भाकरी परत फडक्यात बांधली. "काका," ती म्हणाली, "घंट्याला किती कमी हाय?"

"चाळीस मिनिटं."

"असू द्या."

आम्ही चौघं आणि किसन, त्या पातेल्याभोवती चाळीस मिनिटं बसून राहिलो. मग मी थंड कढी पुन्हा गरम केली. कढी बरी झाली होती. लोणार त्या खेपेला दिसलंच नाही. नाल्याला पूर आला आणि आम्ही माघारी वळलो. निघताना सुशीलेनं बांधलेल्या दोऱ्या रंगनाथरावांनी स्वतः सोडल्या. "पोरगी गाठ चांगली मारती," एवढंच ते किसनला म्हणाले. मला ऐकू जाईल अशा बेतानं.

वैशाखात आमच्या दारी लग्न झालं. रंगनाथरावांनी आचाऱ्याच्या प्रत्येक हंड्यात डोकं घातलं. मांडवात पानं मांडलेली, दोनशे माणूस भुकेलं, आणि वराचा काका आधी एकटाच जेवणार म्हणून खोळंबलेलं. कुजबुज सुरू झाली. आमच्यात मुलीची आई सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, उरलंसुरलं खाते. मी एक पान उचललं, त्यांच्या शेजारी मांडलं आणि पाटावर बसले.

ते दचकले. "हे काय, विहीणबाई? तुमी काहून?"

"पंचनाम्याला एकटा माणूस चालतो का, गिरदावरसाहेब?"

त्यांनी आपला पाट जरा सरकवला. मग त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि दोन पानांच्या मधे, दोघांनाही दिसेल असं ठेवलं.

"कढी आधी मी," ते म्हणाले.

"बराबर," मी म्हटलं.

मागं कुणीतरी म्हणालं, मुलीच्या आईला भूक आवरेना वाटतं. म्हणू दे. घंटा भरायला अजून बराच अवकाश होता.