आईंची गाडी आणि पिराजीची हरणी

"वैनी, काकूंची गाडी घेऊ नकासा," तोहिद मिस्त्री म्हणाला होता. "आणि घेतलासाच, तर पिराजीच्या गोठ्यावरनं तेवढं जाऊ नकासा."

"का?"

"का म्हंजे... तसंच." त्याने हातातला पाना उगाच पुसला. "मला बोलायची चोरी हाय."

रस्ता खणला असेल, असं मी समजले. आमच्या भागात रस्ता खणलेला असणं ही काही बातमी नव्हे. माझी स्कूटर ब्रेकच्या कामासाठी त्याच्याकडे टाकली, घरी आले आणि आईंच्या मोपेडची किल्ली उचलली. खरं तर मी सूचना डावलणारी बाई नाही. माझ्या सहा वर्षांच्या भैरवीसाठी खोडरबर आणला तरी त्याच्या पाकिटावरची सूचना मी आधी वाचते. पण त्या दिवशी अकराला शाळेत पालकसभा होती, पावणेअकरा वाजले होते, आणि गोठ्यावरचा रस्ता जवळचा होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, संयोगिता. वय त्रेसष्ट. पोस्टातून निवृत्त झाल्या, सासरे गेले, आणि मागच्या वर्षी त्यांनी एकदम मोपेड शिकायला घेतली. ते मी कसंबसं पचवलं. पण गेला महिनाभर त्यांचं लक्षण ठीक नव्हतं. पहाटे "फिरून येतो" म्हणून बाहेर पडायच्या, परतायच्या तेव्हा घामाघूम, आणि पायाला शेण. पदराच्या गाठीत पेंडीचा चुरा. एकदा न्हाणीघरातून त्यांचा आवाज आला, "हा हा हा! चल चल चल!" मी दार वाजवलं.

"आई, कुणाशी बोलताय?"

"कुणाशी न्हाय. घसा साफ करालोय."

मी हे सगळं तारीखवार डायरीत लिहून ठेवत होते. नंतर मोबाइलवर लक्षणं तपासली. विसराळूपणा सोडला तर सगळी जुळली, आणि विसराळूपणा पुढे येतो असंही तिथे लिहिलेलं होतं. कागलच्या एमआयडीसीत कामावर असलेल्या नवऱ्याला मी फोन केला. दत्तप्रसाद मशीनच्या आवाजात ओरडला, "अगं, तिला जरा मोकळं सोड की! पोलीस पाटील हायस काय तू?" तरीही मी मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. आईंना सांगितलं नव्हतं.

तर, पालकसभा. शाळेच्या सुरक्षा समितीवर मी होते. मी इतक्या तक्रारी केल्या होत्या, की मला समितीवर घेणं एवढाच उपाय मुख्याध्यापिकाबाईंकडे उरला होता. त्या दिवशी माझं भाषण होतं, 'सुरक्षित रस्ता आणि पालकांची जबाबदारी'. भाषणाचे कागद पर्समध्ये, पर्स खांद्याला, हेल्मेट डोक्याला. मी मोपेड सुरू केली.

फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज झाला. समोरच्या गॅलरीतून कबुतरं उडाली. सायलेन्सर तुटलाय आणि आईंना पत्ता नाही, हेही डायरीत लिहायचं, असं ठरवून मी निघाले.

पिराजी गवळ्याचा गोठा आमच्या घरापासून तिसऱ्या वळणावर. मी तिथून पुढे गेले आणि मागे काहीतरी कडकडलं. मग पिराजीची आरोळी आली.

"हरणे! अगं थांब हरणे! ती काकू न्हवं!"

आरशात पाहिलं. दावणीचा खुंटा गळ्यात लोंबकळवत एक काळीभोर म्हैस माझ्या मागे धावत येत होती. म्हैस धावते हे मला माहीत होतं. माझ्या मागे धावेल, हे माहीत नव्हतं.

मी गाडी जोरात सोडली. म्हैसही जोरात सुटली. गाडी जितकी जोरात, आवाज तितका मोठा, आणि आवाज जितका मोठा, तितकी तिला उमेद. गाडी बंद केली असती तर तिथेच संपलं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त ओरडत होते.

"वाचवा! कुणीतरी वाचवा!"

"पावणं, बाजूला व्हा, बाजूला!" चहाच्या गाड्यावरचा माणूस हात पसरून लोकांना मागे सारू लागला. "वैनींचा सराव चाललाय!"

"अवो वैनी, मान ताठ ठेवा! मागं बघू नकासा, म्हस बिचकती!"

"पाडवा लांब हाय की अजून!"

"असू दे, बाईमाणूस हाय, आधीपास्नं नको व्हय?"

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. पुढे सायलेन्सर काढलेल्या गाडीवर मालक, मागे म्हैस. गाडीचा आवाज आणि मालकाची हाक, एवढ्या दोन खुणांवर ती भर गर्दीतून धावते, आणि त्यासाठी महिनाभर आधीपासून तिला शिकवावं लागतं. लग्न होऊन आल्यापासून मी हे दरवर्षी पाहते. पण म्हशी पळवतात ते मिशीवाले गवळी. पोस्टातून निवृत्त झालेल्या सासवा पळवत नाहीत. त्यामुळे गाडी पळवता पळवताही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

एका चौकात समोर ट्रॅक्टर आला म्हणून मला थांबावंच लागलं. हरणीही थांबली. तिने आपलं ओलं तोंड माझ्या खांद्यावर ठेवलं आणि पर्स चाटली. मी पुन्हा गाडी सोडली ती थेट शाळेच्या फाटकात.

मैदानावर मंडप होता. शंभरेक पालक खुर्च्यांवर बसलेले. व्यासपीठावर फलक, 'सुरक्षित रस्ता, सुरक्षित बालपण'. मी मंडपापर्यंत पोहोचले, गाडी आडवी पडली, इंजिन बंद झालं, आणि हरणी माझ्याजवळ येऊन शांत उभी राहिली. मग तिने मान वळवून पाहुण्यांसाठी ठेवलेला झेंडूचा हार खायला सुरुवात केली.

मुख्याध्यापिकाबाई माईकमध्येच म्हणाल्या, "अस्मिताताई, हे... प्रात्यक्षिक आहे का?"

पहिलीच्या वर्गाच्या खिडकीतून माझीच मुलगी आनंदाने किंचाळली. "आई! ती आज्जीची हरणी हाय! तू हा हा म्हण, मग ती ऐकती!"

म्हणजे भैरवीला माहीत होतं. तोहिदला माहीत होतं. म्हशीला माहीत होतं. घरावर डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या मला तेवढं माहीत नव्हतं. शंभर माणसं हसत होती, आणि मला त्या हसण्यातून कसंही करून बाहेर पडायचं होतं. मी जे बोलले ते लिहिताना आजही कान तापतात.

"ही माझी म्हैस नाही!" मी ओरडले. माईक जवळ होता. "आमच्या सासूबाईंचं हे सगळं! त्यांचं... त्यांचं डोकं ठिकाणावर नाही हल्ली. आम्ही डॉक्टरांचा नंबर लावलाय!"

हसणं थांबलं. सगळे माझ्या मागे बघत होते, म्हणून मीही वळले. फाटकात पिराजीच्या मोटरसायकलवरून आई उतरत होत्या.

त्या सरळ हरणीजवळ गेल्या, "या, बाळा," एवढंच म्हणाल्या आणि तिचा खुंटा हातात घेतला. ती रेड्याएवढी म्हैस मांजरीसारखी त्यांच्या मागे निघाली. जाताना आईंनी माझी पडलेली पर्स उचलून, झाडून, खुर्चीवर ठेवली.

पिराजी मात्र माझ्याजवळ थांबला. "वैनी, महिना झाला काकू रोज पाट्या भरून शेण काढत्यात माझ्या गोठ्यात. का, तर म्हशीला वळख लागाय पायजे. मुरगूडला माहेरी त्यांच्या वडलांच्या म्हशी भाऊ पळवायचे आन् ह्या आरतीचं ताट धरून दारात. म्हटल्या, पिराजी, एकदा पुढं गाडीवर मी असाय पायजे." तो गाडीवर बसला. "तुम्हास्नी अचानक दाखवायचं हुतं. कट्ट्यावर जागा धरून ठिवलीया तुमच्यासाठी."

घरी आई नेहमीसारख्या भाकरी थापत होत्या. मी दारात उभी राहिले. माफी मागायची होती, पण तोंडातून आलं ते, "आई, गुडघ्याला लागलं नाही ना तुमच्या?"

"मला कशाला लागतंय? पडलीस तू." त्यांनी भाकरी उलटली. "त्यो डॉक्टरचा नंबर कधी हाय?"

"राहू दे आई, मी रद्द..."

"रद्द कशाला? जाऊया की. सगळ्या शाळेनं ऐकलंय, आता आपण बी ऐकू काय म्हणतोय त्यो."

गेलो. डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. आईंनी ते तर केलेच, वर आमच्या पेठेतल्या चाळीस घरांची पोस्टाची जुनी बचत खाती नावानिशी म्हणून दाखवली. डॉक्टरांनी पेन ठेवलं. "आजींचं उत्तम आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुमची झोप कशी आहे?"

रिक्षात आई हसल्या नाहीत. घर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "मी न्हाय पळवणार हरणीला. पिराजीला सांगून टाकतो. आता रस्त्यावर गाडी काढली की लोकं म्हणतील, ती बघा येडी म्हातारी. भैरवीला शाळेत पोरं चिडवतील. हौस म्हणून सुरू केल्तं, हौस फिटली."

ती फिटली नव्हती. ती मी माईकवरून मोडली होती. त्रेसष्ट वर्षं वाट पाहून एका बाईने एक गोष्ट स्वतःसाठी मागितली, आणि मी ती लक्षणांच्या यादीत घातली होती.

पुढचे चार दिवस मी आईंच्या मागे लागले, अक्षरशः हरणीसारखी. स्वयंपाकघरात, गच्चीवर, भाजीला जाताना. "आई, पळवा हो." "आई, माझ्यासाठी नको, भैरवीसाठी." पाचव्या दिवशी त्यांनी सुपातले तांदूळ खाली ठेवले. "बरं बाई. पण मागं लागायचं बंद कर."

"एकच अट आहे," मी म्हणाले. मला स्वतःला थांबवता आलं नाही. "हेल्मेट."

पाडव्याला घाटाकडच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शिंगं रंगवलेल्या, कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशी एकामागून एक धावून गेल्या. हरणीच्या पाठीवर भैरवीने रंगाने फूल काढलं होतं. आई हिरव्या इरकल साडीत मोपेडवर बसल्या, हेल्मेटची पट्टी मी स्वतः आवळली, दोनदा ओढून पाहिली. त्यांनी गाडी सुरू केली. आतून हाक मारली.

हरणी हलली नाही.

तिने मान वाकडी करून त्या काळ्या गोल डोक्याकडे पाहिलं, आणि एक पाऊल मागे सरली. त्या दिवशी सगळा रस्ताच फटफटत होता, नुसत्या गाडीच्या आवाजावर तिला माणूस ओळखू येईना, आणि हेल्मेटमधून हाक अशी येत होती, जणू कुणी रांजणात तोंड घालून बोलतंय.

"काकू, म्हस वळखंना तुम्हाला!"

"उतरा आता, फुडच्यांना येऊ दे!"

लोक हसू लागले. आईंनी आणखी एकदा हाक दिली. तिसरी दिली नाही. मी जवळून बघत होते, त्यांचे हात गाडी बंद करायला निघाले होते. कट्ट्यावर शाळेतले निम्मे पालक होते, मुख्याध्यापिकाबाई होत्या. सुरक्षा समितीची सदस्य असलेली मी दोरीखालून रस्त्यात शिरले आणि सगळ्यांदेखत सासूबाईंच्या हनुवटीखालची पट्टी सोडली.

पांढरा अंबाडा मोकळा झाला. हरणीने कान टवकारले.

"जावा आई," मी म्हणाले. "पण..."

"पण न्हाय!" आई गरजल्या. "हा हा हा! चल गं माझी बाय!"

ढोल, शिट्ट्या, फटफट, खुरांचा आवाज. सगळा रस्ता ओरडत होता.

नंतर आई परत आल्या, गुलालाने माखलेल्या, धापा टाकत, विशीतल्या मुलीसारख्या. हरणीच्या गळ्यात हात टाकून त्यांनी मला विचारलं, "बघितलंस?"

"व्हय आई," मी म्हणाले. "सगळं."

कुणाला सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. मी काही पाहिलं नाही. हेल्मेट पोटाशी धरून, डोळे गच्च मिटून उभी होते. आईंच्या आयुष्यातलं ते एक मिनिट कोल्हापूरभर लोकांनी पाहिलं. मी मोबाइलवर पाहिलं, दुसऱ्या दिवशी, कुणा परक्या माणसाने काढलेल्या व्हिडिओत.

आता आईंनी पोहणं शिकायला घेतलं आहे. दर रविवारी त्या नृसिंहवाडीला जातात, तिथला एक ओळखीचा म्हातारा तरंगायला पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून त्यांना पाण्यात सोडतो. फोन करायचा नाही, मागे यायचं नाही, असं त्यांनी भैरवीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून माझ्याकडून वदवून घेतलं आहे. तर या रविवारी तुम्ही वाडीला दर्शनाला जाणार असाल, तर घाटावर जरा नजर टाका. हाक मारू नका, मी सांगितलंय म्हणू नका. डबा घट्ट बांधलाय का तेवढं बघा, आणि मला कळवा.