पिंगळे काकांच्या डक्टमध्ये कोण आहे?

एक आधीच सांगते, शेजारच्या पिंगळे काकांसमोर 'माणूस' हा शब्द काढायचा नाही. चुकूनसुद्धा! आम्ही माजिवड्यात भाड्याने राहायला आलेलो, त्याच दिवशी लिफ्टमध्ये मी म्हटलं, "या ना काका, सहा माणसांची लिफ्ट आहे." ते आत आले, कोपऱ्यात जाळं विणणाऱ्या कोळ्याकडे बघून म्हणाले, "सहा जणांची म्हण. ह्यांना का वगळतेस?"

मग हे रोजचंच. आई भावावर ओरडली, "जनावरासारखा जेवू नको!" तर काका दारातूनच, "वहिनी, जनावरं मोबाइल बघत जेवत नाहीत." जिन्यात मला सांगणार, "जपून उतर, खाली तिघं बसलेत." जाऊन बघते तर तीन मांजरं. कधी कधी तर काहीच नसायचं. तेव्हा जाम टरकायची.

आणि हे ऐका. नवा वॉचमन म्हणायचा, काका एकटे राहतात. पण दुपारी भिंतीपलीकडून काकांचा आवाज यायचा. प्रश्न विचारायचे, थांबायचे, मग हसायचे. दुसरा आवाज कधीच नाही.

परवा सोसायटीने कबुतरं शिरू नयेत म्हणून डक्टला, म्हणजे बाथरूममागच्या पाइपांच्या बोळाला, वरून जाळी लावायला घेतली. काका आमच्या दारात, घामाघूम. "अगं, चल लवकर! मला नीट ऐकू येत नाही. कोणी आत राहिलं तर तडफडून मरेल."

मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात शिरले. बेडरूमचं दार उघडं. पलंगावर एक बाई. डोळे सताड उघडे, पापणी हलत नाही. मी किंचाळलेच.

"घाबरू नकोस, ही शैला. माझी बायको. स्ट्रोक आल्यापासून अशीच." मग हळूच म्हणाले, "हिची बहीण आलेली. हिच्यासमोरच म्हणाली, ही आता माणसात नाही. मी म्हटलं, बरं. मग तो शब्दच नको आपल्याला. 'कोण' म्हटलं की त्यात हीसुद्धा येते."

बाथरूमच्या खिडकीतून त्यांनी काळोखात हाक मारली, "आत कोण आहे का?"

मी कान लावला. डक्ट गप्प. आणि आमच्या पाठीमागून, अगदी बारीक, "अं..."

मी गर्रकन वळले.

"ऐकलंस काही?"

"हो."

"डक्टमध्ये?"

"नाही काका. काकू."

वरून जाळीवाला ओरडत होता, "अंकल, बंद कर दूँ क्या?" काकांचं लक्षच नव्हतं. ते बेडरूमच्या दारात उभे राहून पुन्हा हाक मारत होते, आणि दर हाकेनंतर माझ्या तोंडाकडे बघत होते.