तिसऱ्या मजल्यावरील शब्दस्वारीची हकीकत

श्री. गणरायास एक नमन, शारदेस दोन, कारण या हकीकतीत तिचे हाल अधिक जाहले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आषाढ शुद्ध पंचमी, ते दिवसापासून जे जे घडले ते पाहिले व ऐकिले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ पडले असेल तर ते चवीपुरते.

तीन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी इतका मुलूख असलेले एक राज्य तिसऱ्या मजल्यावर होते. तेथे राजश्री हेरंबराव राज्य करीत, आणि त्यांच्या राणी स्वरूपाबाईसाहेब टपालकचेरीत नोकरी करून उरल्या वेळात बाकीचे सर्व करीत. उभयतांस कन्या एक, इरावती, वय वर्षे आठ, इयत्ता तिसरी. राजकन्येस बोलण्याचे वेड मोठे. शाळेतून यावे, दुधाचा पेला हाती घ्यावा आणि सुटावे, की आज बसला खोकला झाला होता, आणि डब्यातली भेंडी रुसून चिकट झाली, आणि मग बाई यायच्या आधीच बाईंची चप्पल वर्गात ऐकू आली. आणि ऐसे बोलता बोलता दूध निवून त्यावर साय धरावी, मग राणीसाहेबांनी ते पुन्हा ऊन करून द्यावे. दिवसभर पाकिटांवर शिक्के मारून शिणल्या जिवास तेवढेच काय ते सुख होते.

तो पंचमीचे दिवशी राजकन्येची शुद्धलेखनाची वही घरी आली. पंचवीस शब्दांत अकरा चुका, लाल शाईचे गोल गोल वेढे, आणि तळाशी पालकांच्या सहीची जागा. महाराजांनी सही करून स्वस्थ बसावे, पण तेच सायंकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप-दरबारी दुसऱ्या मजल्यावरील राजांनी आपल्या पुत्राची पंचवीसपैकी पंचवीस गुणांची वही प्रसिद्ध केली, आणि खाली एकवीस अंगठे उभे राहिले. महाराजांचे अन्न गोड लागेना. मग त्यांनी काका त्रिंबकपंत यांस पाचारण केले. हे निवृत्त मुख्याध्यापक, उंटावरचे शहाणे, सल्ला देण्यास सदा कमर बांधून असत. त्यांचे दोघे पुत्र त्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलत नव्हते, पण हा मजकूर कोणी विचारात घेतला नाही. पंत चहात बिस्कीट बुडवून वदले, “हेरंबा, मूल स्वतःचं वाक्य करायला गेलं की चुकतं. म्हणून त्याला करूच द्यायचं नाही. तयार वाक्यं द्यायची, पाठ करून घ्यायची.” आणि पिशवीतून पिवळ्या पुठ्ठ्याचे एक गाइड काढून दिले. त्यात शब्द अडीचशे आणि त्यांचा वाक्यात उपयोग अडीचशे.

मग स्वारीस आरंभ जाहला. दारावर, घागरीवर, कपाटावर, फार काय संडासाच्या कडीवरही शब्दांच्या चिठ्ठ्या डकविल्या. रोज दिवेलागणीस महाराजांनी गाइड घेऊन खुर्चीत बसावे, शब्द उच्चारावा, राजकन्येने तो लिहावा आणि उभे राहून त्याचे वाक्य म्हणावे. “आनंद.” “सणाच्या दिवशी सर्वांना आनंद होतो.” “मैत्री.” “मैत्री ही अमूल्य देणगी आहे.” इतके झाले असते तरी पुष्कळ होते, परंतु महाराजांस विजयाची चटक लागली आणि त्यांनी जेवणाचे ताटही रणांगण केले. राजकन्येने म्हणावे, “आई, आज बसमध्ये ना—” की महाराजांनी म्हणावे, “ना कशाला? पूर्ण वाक्यात बोल. पुन्हा.” तिने पुन्हा आरंभ करावा, महाराजांनी पुन्हा अडवावे, आणि तिसऱ्या खेपेस ती भात कालवू लागे. श्रावण सरला, भाद्रपद सरला, आणि राजकन्या शाळेतून येऊन दूध ऊन असतानाच मुकाट पिऊ लागली. महाराजांनी हाही आपला विजय मानला. राणीसाहेबांनी एकवार विनविले, “अहो, पोर बोलेनाशी झालीय. मला घर खायला उठतं.” तो उत्तर आले, “बोलेनाशी नव्हे, मोजकं बोलते. तुला भाषेतलं काय कळतं? शिक्के मारणं निराळं.” राणीसाहेबांस हे वर्मी लागले, आणि बोलण्याने तंटा वाढेल म्हणून त्या गप्प राहिल्या. पुढे त्यांस या गप्प राहण्याचा फार पस्तावा जाहला.

कार्तिकात शाळेत शब्दस्पर्धा भरली. राजकन्येने अडीचशे वाक्यांतील जे विचारले ते धडाधडा म्हटले, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर, आणि पितळी चषक जिंकला. महाराजांनी त्याची सतरा छायाचित्रे दरबारी धाडली, दुसरा मजला मौन जाहला, आणि त्रिंबकपंत पेढे खाऊन गेले. राणीसाहेबांनी लेकीस जवळ घेऊन पुसले, “खूश ना ग?” ती म्हणाली, “सणाच्या दिवशी सर्वांना आनंद होतो.” राणीसाहेबांनी हातातला पेढा परत डब्यात ठेविला.

पुढे आठ दिवसांत निराळाच प्रकार दिसो लागला. राजकन्या महाराजांनी सांगितलेले शब्द भलतेच लिही, मान एका अंगास कलती करी, अन्न टाकी. महाराज म्हणाले, चषक मिळाला आणि डोक्यात वारा शिरला. आणि शिक्षा म्हणून दहा शब्द वाढविले. राणीसाहेबांनी पुसले, “बाळा, काय होतंय?” राजकन्येने आधी बापाकडे पाहिले, मग म्हटले, “वेळेवर जेवणे आरोग्यास हितकारक असते.” महाराजांनी मान डोलाविली. दोन दिवस ऐसे गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीचे अंग तव्यासारखे तापले, तेव्हा उभयतांनी तिजला चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाई प्रेमाने म्हणाल्या, “कुठे दुखतंय, राणी?” राजकन्या ताठ उभी राहून म्हणाली, “दुखणे अंगावर काढू नये.” बाईंस हसू आले, आणि महाराज तेथेही चषकाची कथा सांगू लागले. धन्य तो बाप.

राणीसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी महाराजांस म्हटले, “खालच्या औषधांच्या दुकानातून थर्मामीटर आणा, घरचा बिघडलाय.” तो बिघडला नव्हता. महाराज गेले, मग राणीसाहेबांनी लेकीस मांडीवर घेतले आणि हळूच म्हटले, “इरू, माझं ना, आज पोट रुसलंय. आणि मग काय, गुडघा पण त्याच्या बाजूला गेलाय.” राजकन्या दाराकडे पाहत राहिली. दारात कोणी नाही ऐसे पाहून ओठ हलविले, पुन्हा मिटले. राणीसाहेबांनी घाई केली नाही. मग पोर आईच्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, “आई, माझ्या ह्या कानात ना, मुंग्यांची शाळा भरलीय. आणि त्यांच्या बाई सारख्या ओरडतात. आणि मग बाबांचं मला ऐकूच येत नाही.” आणि रडू लागली, आणि राणीसाहेबही रडू लागल्या, कारण तीन महिन्यांत पोरीचे स्वतःचे वाक्य त्यांनी प्रथम ऐकिले होते. डॉक्टरीणबाईंनी कानात बत्ती घालून पाहिले आणि त्यांचे हसू मावळले. म्हणाल्या, “आत पू झालाय. अजून दोन दिवस गेले असते तर पडदा फाटला असता. इतकं दुखत होतं तर बोलली का नाही ही?” ऐसे पुसले तोच महाराज थर्मामीटर घेऊन दारात उभे. राजकन्या आईस पुन्हा सांगत होती, की शाळा भरलीय. महाराज सवयीने म्हणाले, “भरलीय नव्हे. भरली आहे.” तेव्हा राणीसाहेबांनी आवाज न चढविता म्हटले, “तुम्ही बाहेर बसा.” आणि अडीचशे शब्द जिंकिलेले महाराज हाती थर्मामीटर घेऊन बाहेर बाकावर बसले.

तात्पर्य येणेप्रमाणे. कान पंधरा दिवसांत बरा जाहला. चिठ्ठ्या राणीसाहेबांनी ओल्या फडक्याने उतरविल्या, गाइड फ्रीजच्या लंगड्या पायाखाली गेले, आणि तेथे त्याचा प्रथमच कोणास उपयोग जाहला. आता राजकन्या आधी पोटभर बोलते, मग तिच्याच बोलण्यातले पाच शब्द राणीसाहेब लिहावयास सांगतात. महाराज गॅलरीत बसून ऐकतात; त्यांस मध्ये बोलण्याची परवानगी नाही. मागील सप्ताहात वही आली, पंचवीस शब्दांत अकरा चुका. राणीसाहेबांनी खाली सही केली. दूध पुन्हा निवू लागले आहे.