सासऱ्यांची दाढ आणि टोमॅटोचं सूप

दातांच्या डॉक्टरांना एका जागी स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. एका पेशंटची चूळ भरून होईपर्यंत ते दुसऱ्याचा एक्स-रे बघून यायचे. जेवणही असंच, उभ्या उभ्या. दवाखान्याचा काउंटर सांभाळणारी बायको रोज बजावायची, की मायक्रोवेव्हमध्ये वाटी ठेवताना वर ताटली झाका आणि मध्येच एकदा ढवळा. डॉक्टर रोज हो म्हणायचे.

त्या दिवशी बाहेर सासरे बसले होते. कितीतरी दिवस गाल धरून हिंडत होते. लेकीने हातापाया पडून त्यांना दाढ काढायला आणलं होतं. त्यांना आत घेण्याआधी पोटात काहीतरी ढकलावं म्हणून डॉक्टरांनी टोमॅटोचं सूप तसंच उघडं ठेवलं आणि मायक्रोवेव्ह पूर्ण जोरावर लावला. सुपावर बुडबुडाही दिसेना, म्हणून वेळ आणखी वाढवला. आत फट्कन आवाज झाला. घाईघाईने दार उघडून त्यांनी चमचा घातला, तर उरलंसुरलं सूप उसळून थेट त्यांच्या पांढऱ्या कोटावर, भिंतीवर आणि छतापर्यंत उडालं.

आवाज सासऱ्यांनी ऐकला होता. पाठोपाठ लाल शिंतोड्यांनी माखलेले जावई फडकं घेऊन दारात आले आणि म्हणाले, "बाबा, झालंच. भिंत पुसली की तुम्हाला घेतो."

शेजारी बसलेली बाई जिना उतरूनही गेली. सासरे चपला शोधू लागले. लेकीने त्यांना हाताला धरून आत नेलं, मायक्रोवेव्ह दाखवला, छताला लागलेला थेंब दाखवला. सासऱ्यांनी कोटाचा वास घेऊन पाहिला. सूपच होतं. पण त्यांची भीती काही गेली नाही. उलट तिला आता कारण मिळालं.

"जावईबापू, तुम्हाला सुपाची वाट बघवत नाही. माझी भूल चढायची वाट कोण बघणार?"

हे डॉक्टरांच्या वर्मी लागलं. कोट बदलून त्यांनी इंजेक्शन दिलं आणि स्टूल ओढून ते शेजारी बसून राहिले. ओठ बधिर झाला का, विचारलं. झाला होता. तरी थांबले. जीभ जड झाली का? तीही झाली होती. तरी थांबले. बाहेर नवे पेशंट खोळंबले, बायको दोनदा डोकावून गेली, पण डॉक्टर ढिम्म. शेवटी सासऱ्यांनीच ट्रेमधला चिमटा उचलून त्यांच्या हातात दिला.

दाढ चुटकीसरशी निघाली. बाहेर आल्यावर लेकीने काळजीने विचारलं, फार दुखलं का?

कापूस दाताखाली धरून सासरे म्हणाले, "दाढ नाही दुखली. बसून बसून कंबर गेली."