शॉर्टस्टॉपला शून्य

धूर दिसायच्या आधी आग ओळखणारा बहारीनमधला एकमेव मराठी माणूस, अशी शिरीष करमरकर स्वतःची ओळख करून देई. नोकरीपुरतं त्यात खोटं काही नव्हतं. सीफ भागातल्या उंच इमारतींचे फायर अलार्म तो तपासायचा. पण त्यापुढे "आणि माणसाच्या मनातला धूरसुद्धा!" हे वाक्य आलं, की त्याची बायको निवेदिता खिडकीबाहेर बघू लागायची. त्याच्या 'करमरकर अन्वेषण' या संस्थेत ती सहायक, ड्रायव्हर आणि श्रोतृवृंद अशा तीन हुद्द्यांवर बिनपगारी होती. संस्थेने आजवर दोन प्रकरणं सोडवली होती. गणेशोत्सवात चोरीला गेलेली शिरीषची चप्पल शेवटी शिरीषच्याच पायात सापडली होती, आणि दुसऱ्या प्रकरणाबद्दल बोलायचं नाही असं नवराबायकोत ठरलं होतं.

तिसरं प्रकरण उगवलं ते बहारीनच्याच बुदैयात, रंभाकाकूंच्या फ्रिजवर.

रंभाकाकूंचे यजमान दाजी क्रेनवर फोरमन होते. साइटवरच्या अमेरिकन साहेबांकडून ते बेसबॉल शिकले आणि त्यांनी बुदैयातल्या मराठी माणसांचा संघ काढला. मैदानावर जागा नऊ, पण नाही म्हणायचा दाजींचा स्वभाव नसल्यामुळे खेळाडू बावीस. त्यातले निम्मे क्रिकेटच्या सवयीने अजूनही बॅट हातात घेऊनच पळत. सराव झाला की सगळे काकूंकडे पोहे खायला जात. आणि तिथेच त्या मंगळवारी फ्रिजवर, आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली, ती यादी दिसली.

यादीला मथळा नव्हता. एकेका जागेखाली खेळाडूंची नावं आणि पुढे आकडे, मोठ्यापासून लहानापर्यंत. पिचर: गुंडू २४. पहिला बेस: शिरीष २५, वरुण ८. असं करत खाली शॉर्टस्टॉप: मयुरेश १५, शंभू १०, संतोष ०.

कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि शुक्रवारच्या सामन्यासाठी ही गुणवत्ता यादी लागली असं सगळ्यांनी धरून चाललं. सीफच्या बँकवाल्यांकडून संघ दोन वर्षं हरत होता. यंदा सामना सखीरच्या विद्यापीठाच्या मैदानावर होता. जिंकायची थोडीफार आशा होती ती एकट्या संतोषच्या जिवावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे शॉर्टस्टॉप उभा राहतो, आणि तिथेच सगळ्यात जास्त चेंडू येतात. देवगडकडचा हा एसी दुरुस्त करणारा शिडशिडीत माणूस तिथे असा काही उड्या मारायचा, की बँकवालेसुद्धा टाळ्या वाजवायचे.

त्याच संतोषने बुधवारी आपला ग्लोव्ह दाजींच्या पायरीवर आणून ठेवला.

"माका बेंचार बसवलास तरी चलात," तो म्हणाला. "पण शून्य? मी काय इतको वायट खेळतंय?"

दाजी त्याला हाका मारत राहिले, पण तो टूलबॉक्स उचलून गाडीत बसलासुद्धा. निवेदिता तेव्हा तिथेच होती. तिला फार वाईट वाटलं. आदल्या उन्हाळ्यात त्यांचा एसी बंद पडला तेव्हा हा माणूस सुट्टीच्या दिवशी दुपारी येऊन, गच्चीवर उन्हात दोन तास भाजून गेला होता.

"यादी करणारा सापडलाच पाहिजे," ती शिरीषला म्हणाली.

"सापडेल. पण माणूस जाणकार आहे हो," शिरीष म्हणाला. "पहिल्या बेसवर मला पहिला क्रमांक! आणि गुणसुद्धा सगळ्या संघात सर्वाधिक."

शिरीष बहुतेक चेंडू पोटाने अडवायचा.

तपास सुरू झाला. शिरीषने यादीवर स्वयंपाकघरातलंच पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं आणि "पुरावा हलवू नये" अशी चिठ्ठी लावली. मग भिंगातून आकडे पाहत तो म्हणाला, "उतरता क्रम. सामान्य माणूस असा विचार करत नाही. हे बँकवाल्याचं काम. आपल्यात फूट पाडायचा कट आहे."

"बँकवाला काकूंच्या स्वयंपाकघरात कसा येईल?"

"पोह्यांच्या वासावर."

बँकवाल्यांचा कप्तान फोनवर इतका मनापासून हसला, की हा तर्क दुपारपर्यंतही टिकला नाही. मग संशय गुंडूवर गेला. गुंडूचा चेंडू दोनदा शेजारच्या व्हिलात जाऊन पडला होता, आणि तरीही त्याच्यापुढे चोवीस.

"अक्षर बघा की सायेब," गुंडू काकुळतीला आला. "हे वाचता येतंय. माझं मलापन वाचता येत नाही."

राहिले दाजी. "मी यादी करत न्हाई," दाजी म्हणाले. "मी फकस्त वरडतो."

"ज्याचा फायदा तोच गुन्हेगार," संध्याकाळी गाडीत शिरीष गंभीरपणे म्हणाला. "यादीत जे पहिले आलेत, त्यांच्यापैकीच कुणीतरी."

"मग तूही आलास त्यात."

"तपास करणाऱ्याला संशयितांत धरत नाहीत. नियम आहे तसा."

रंभाकाकूंचीही जबानी झाली होती. मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात कोण कोण आलं, असं त्याने वहीपेन सरसावून विचारलं होतं. "बावीस जण आलं, खाऊन गेलं," असं त्यांनी कांदा चिरता चिरता सांगितलं होतं. शिरीषने वहीत लिहिलं, 'साक्षीदार निरुपयोगी.'

गुरुवार उजाडला तरी संतोष फोन उचलत नव्हता. दाजींनी मयुरेशला शॉर्टस्टॉपला उभं करून पाहिलं. तीन चेंडू त्याच्या पायांतून गेले आणि चौथ्याला तो स्वतःच बाजूला झाला. निवेदिता संध्याकाळी काकूंचा डबा परत द्यायला गेली, तेव्हा दाजी ओट्यापाशी डोकं धरून बसले होते आणि शिरीष फ्रिजच्या दांड्यावर टाल्कम पावडर फुंकत होता.

"हे सगळं सामान हा पुण्यालाही नेणार आहे," निवेदिता वैतागून म्हणाली. "भिंग, टॉर्च, पावडरीचे डबे. पुढच्या महिन्यात चाललाय ना सुट्टीवर."

"आगं बया, मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" काकूंनी हात पुसले, फ्रिजवरचं प्लास्टिक टरकन ओढून काढलं, कानावरचं पेन घेतलं आणि शिरीषपुढचे पंचवीस खोडून बावीस केले.

शिरीषच्या हातून पावडर सांडली. "काकू! यादी तुमची?"

"माज्या फ्रिजवर कुनाची आसंल?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कोन आलं. कुनी लिवलं ते कुटं इचारलंसा?"

"पण हे आकडे?"

"किलो," काकू म्हणाल्या.

निवेदिताने यादी पुन्हा वरून खाली वाचली. आखातातल्या कुठल्याही मराठी माणसाला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं ते. उन्हाळ्याच्या सुट्टीवर कोण निघालंय, येताना कुणाच्या बॅगेत किती जागा आहे, कुणाबरोबर मसाला आणि कुणाबरोबर मेतकूट मागवायचं, हा हिशोब इथे प्रत्येक घरात चालतो. शिरीष एकटा जाणार, दोन शर्टांवर महिना काढणार, म्हणून त्याला पंचवीस किलो.

"पण जागांप्रमाणे कशाला लावलीत?" दाजींनी विचारलं.

"तुमची मानसं नाव कुटं सांगतात? 'काकू, मी तिसरा बेस. काकू, मी क्याचर.' मला तशीच ध्येनात ऱ्हात्यात."

"म्हणजे पहिल्या बेसवर मी पहिला नाही?" शिरीषने खालच्या आवाजात विचारलं.

"आहेस की," निवेदिता म्हणाली, "बॅगेत." मग तिने काकूंकडे पाहिलं. "पण संतोषला शून्य का? तोही चाललाय ना गावी?"

काकूंनी पेन पुन्हा कानावर खोवलं. "त्यापायी रुसलाय व्हय त्यो?" त्या म्हणाल्या. "गेली दोन वर्सं माजं चटनीचं डबं त्यानंच आनलं. कुनाचा पाटा, कुनाचं तांदूळ. न्हाई म्हनत न्हाई तो. त्याच्या आईनं केल्याली फनसपोळी दोनी खेपंला घरीच ऱ्हायली. त्यो बोलला न्हाई, पर आईचा फोन आलता. म्हनलं, अवंदा त्याच्या बॅगंला कुनी हात लावायचा न्हाई. म्हनून शून्य."

दाजींनी ग्लोव्ह उचलला, निवेदिताने गाडीची किल्ली घेतली आणि काकू सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या. संतोष खोलीच्या दारातच एसीची जाळी धूत बसला होता. काकूंनी त्याला तेच सगळं पुन्हा सांगितलं, फक्त जास्त रागावून. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग ओले हात लुंगीला पुसून त्याने ग्लोव्ह घेतला.

"यल्ला, चला," तो म्हणाला. "सकाळी किती वाजता?"

शुक्रवारी संघ एका रनने जिंकला. शेवटचा चेंडू संतोषने झेप घेऊन अडवला आणि पहिल्या बेसकडे फेकला, आणि शिरीषने तो पोटाने आणि दोन्ही हातांनी मिळून धरला. महिनाभर तो पुण्यात हेच सांगत फिरला आणि बावीस किलो मसाले घेऊन परतला.

ऑगस्टअखेर संतोष आला. काकूंच्या टेबलावर त्याने बॅग उघडली, तर आत नुसती फणसपोळी, वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधलेली. त्याच्यापुरती एक ठेवून बाकीच्या त्याच्या आईने सगळ्यांना वाटायला दिल्या होत्या. लेकाच्या फोनवरच्या गप्पांमधून ती माउली सगळ्यांना जशी ओळखत होती, तशी प्रत्येक पुडीवर कुणाकडून तरी लिहून घेतलेली ओळख होती. क्याचर. पिचर. तिसरो बेस. पहिलो बेस.

शिरीषने लगेच पुड्या दोन्ही हातांत तोलायला घेतल्या. "पहिला बेस सगळ्यात जड आहे," तो म्हणाला. "यामागे काहीतरी कारण असणार." निवेदिताने हात पुढे केला. तेव्हा त्याने तिलाही एक तुकडा मोडून दिला आणि उरलेला पुरावा तिथल्या तिथे खाऊन टाकला.